एका वाडग्यातले जेवण

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना वाटेत वळसंग हे गाव लागते. या भागातल्या घरांत ज्वारीची भाकरी वाडग्यात कुस्करायची, तिच्यावर तुरीची गरम आमटी ओतायची, बाजूला शेंगाची चटणी घ्यायची आणि जेवायला बसायचे, ही नेहमीची रीत. ताटात चार पदार्थ वेगवेगळे मांडण्याची गरज नाही; सारे जेवण एका वाडग्यात मावते.

येथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या जपानमध्येही असेच एका वाडग्यातले जेवण लोकप्रिय आहे. मोठ्या खोल वाडग्यात खाली वाफाळता भात आणि वर रसातले कालवण. अशा वाडग्याला तेथे 'दोनबुरी' म्हणतात. भातावर कांद्याबरोबर शिजवलेले गोमांस घातले की त्याला 'ग्यूदोन' हे नाव मिळते. (यातल्या 'दोन'चा आपल्या दोन या संख्येशी संबंध नाही, तो 'दोनबुरी'चाच संक्षेप आहे.)

हे दोन वाडगे वरून अगदी निराळे दिसतात. पण दोघांचीही मांडणी एकच आहे. खाली धान्य आणि वर धान्याचा सोबती. हा सोबती नेमके कोणते काम करतो? तो नसला तर काय होते? आणि असा जपानी वाडगा आपल्या घरी, आरोग्याला मानवेल असा, करता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे आपण शोधू या.

ग्यूदोनची कुळकथा

जपानमध्ये बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे गोमांस खाण्यावर कित्येक शतके निर्बंध होते. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू याने गाय-बैलासह काही प्राण्यांचे मांस खाण्यास मनाई करणारा हुकूम काढला होता. पुढे १८७२ साली सम्राट मेइजी याने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि ही प्रथा पालटू लागली. १८९९ साली टोकियोतील निहोनबाशीच्या मासळी बाजारात 'योशिनोया' नावाचे खाणावळवजा दुकान निघाले. घाईत असलेल्या बाजारकऱ्यांना तेथे झटपट ग्यूदोन मिळे. आज या दुकानाच्या शाखा अनेक देशांत आहेत.

करण्याची रीत सोपी आहे. मांसाचे कागदासारखे पातळ काप करतात. मांसातले तंतू एकाच दिशेने धावत असतात. सुरी त्यांना आडवी चालवली की तंतू आखूड होतात आणि मांस चावायला मऊ लागते. काप पातळ असल्याने ते दोन-चार मिनिटांत शिजतात व जळणही वाचते. त्याआधी कांदा पाणी, सोया सॉस, थोडी साखर आणि मिरिन नावाची तांदळाची गोडसर दारू यांत मऊ होईपर्यंत शिजवतात. मग त्यात काप सोडतात आणि सारे रसासकट भातावर ओततात.

भातही साधासुधा नाही. जपानी तांदूळ आखूड दाण्याचा व चिकट असतो. तांदळातल्या पिष्टाचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन प्रकार असतात. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट होतो. चिकट भाताचे गोळे काड्यांनी सहज उचलता येतात. आपल्याकडे मावळातला इंद्रायणी तांदूळ थोडा याच गुणाचा आहे.

आणि चव? टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या कढणातून ग्लुटामेट हा पदार्थ वेगळा केला. गोड, आंबट, खारट व कडू यांहून निराळ्या अशा या रुचीला त्याने 'उमामी' हे नाव दिले. सोया सॉसमध्ये सोयाबीन व गहू बुरशीच्या साहाय्याने आंबवलेले असतात. त्या क्रियेत प्रथिने फुटून ग्लुटामेट मोकळे होते. पिकलेल्या टोमॅटोतही ते भरपूर असते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्या कामी येणार आहे.

नुसत्या भाताने काय केले?

आता वाडग्यातला वरचा भाग काढून टाका. उरला नुसता पांढरा भात. पोट तर भरते. मग बिघडले कुठे? याचे उत्तर जपानच्या आरमाराने फार मोठी किंमत देऊन मिळवले.

१८८२ साली 'र्यूजो' हे लढाऊ जहाज न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका व हवाई अशा लांबच्या सफरीवर निघाले. जहाजावर ३७६ माणसे होती. खाण्यात मुख्यतः पांढरा भात. नऊ महिन्यांच्या सफरीत दीडशेहून अधिक खलाशांना 'बेरीबेरी' झाला. पाय सुजायचे, अंगातली शक्ती जायची, हृदय थकायचे. त्यांतले २५ जण दगावले.

आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो लंडनमध्ये शिकून आले होते. इंग्रज खलाशांना हा आजार होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. दोघांच्या आहारात फरक होता. १८८४ साली त्यांनी 'त्सुकुबा' हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवण्याची परवानगी मिळवली. मार्ग तोच, आहार मात्र बदललेला : मांस, पाव, सातू आणि भाज्या. या वेळी आजारी पडलेल्यांची संख्या पंधराच्या आसपास राहिली आणि मृत्यू एकही झाला नाही.

ताकाकींना वाटले, प्रथिनांच्या कमतरतेने हा आजार होतो. उपाय बरोबर होता; कारण मात्र चुकले होते. भाताच्या दाण्यावरचा कोंडा व अंकुर यांत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व असते. तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडला की ते कोंड्याबरोबर निघून जाते. १९१० साली उमेतारो सुझुकी यांनी तांदळाच्या कोंड्यातून बेरीबेरी बरा करणारा अंश वेगळा केला, तेव्हा खरे कारण स्पष्ट होऊ लागले. दरम्यान जपानच्या भूदलाने आरमाराचा धडा मानला नाही. १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात त्यांचे हजारो सैनिक गोळीने नव्हे, बेरीबेरीने मेले.

या गोष्टीतून दोन बोध निघतात. पहिला, पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा, विज्ञानात एखादा उपाय लागू पडला म्हणून त्याचे सांगितलेले कारण खरे ठरते असे नाही. ते निराळे तपासावे लागते.

छापखान्यातले खिळे

आता प्रथिनांकडे वळू. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक अक्षर जुळवून मजकूर तयार करीत. समजा, तुम्हाला 'वळसंग' हा शब्द जुळवायचा आहे. तुमच्याजवळ 'व', 'सं' आणि 'ग' यांचे शंभर-शंभर खिळे आहेत. पण 'ळ'चे खिळे फक्त पन्नास. तर शब्द किती वेळा जुळेल? पन्नास वेळा. बाकीचे खिळे असून नसल्यासारखे.

शरीर प्रथिने अशीच जुळवते. त्याचे खिळे म्हणजे अमिनो आम्ले. ती वीस आहेत आणि त्यांतली नऊ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच यावी लागतात. तृणधान्यांत यांपैकी 'लायसिन' कमी असते. तोच त्यांचा 'ळ'! प्रथिनांचा चांगला उपयोग व्हायचा तर दर ग्रॅम प्रथिनामागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लायसिन हवे. प्रत्यक्षात किती असते ते पाहा. हे आकडे ठोकळ मानाने दिले आहेत :

ज्वारी – २२ मिलिग्रॅम
शेंगदाणा – ३५ मिलिग्रॅम
तांदूळ – ३६ मिलिग्रॅम
तूरडाळ – ६८ मिलिग्रॅम
अंडे – ७० मिलिग्रॅम
दूध, दही – ८० मिलिग्रॅम
गोमांस – ८५ मिलिग्रॅम

आता ग्यूदोनचे रहस्य उलगडते. भातात जे कमी आहे ते मांसात भरपूर आहे. शिवाय मांसातून सहज शोषले जाणारे लोह, जस्त आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळते. पण तेच काम डाळही करते! डाळीत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल कमी. धान्यात नेमके उलटे. दोघे मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. हे दोन्ही पदार्थ एकाच घासात हवेत असे मात्र नाही. दिवसभराच्या जेवणात ते आले म्हणजे पुरे.

भाकरीचा हिशेब

सोलापूर जिल्हा ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळा सरता सरता काळ्या जमिनीत पेरलेली रब्बी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेला 'मालदांडी ३५-१' हा वाण भाकरीसाठी अजूनही नावाजला जातो. भाकरी अख्ख्या दाण्याच्या पिठाची असल्याने तिच्यात ब-१ जीवनसत्त्व पांढऱ्या भाताच्या कित्येक पट असते. बेरीबेरीचे भय तिला नाही.

परंतु नुसत्या ज्वारीचेही एक दुखणे आहे. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे दाखवून दिले, की दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवरच राहणाऱ्या गरीब लोकांत 'पेलाग्रा' हा आजार आढळतो. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे पडतात, जुलाब होतात, मन उदास होते. नायासिन (ब-३) या जीवनसत्त्वाच्या तुटवड्याने हा आजार होतो. ज्वारीतले ल्यूसिन हे अमिनो आम्ल त्यास हातभार लावत असावे, असा तर्क त्यांनी मांडला. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण मूळ मुद्द्याबद्दल वाद नाही : आहारात धान्यच धान्य आणि सोबती जवळपास नाही, अशा घरांतच हा आजार दिसे. आज तो क्वचितच आढळतो.

आता आपला वाडगा तपासू. दोन भाकऱ्यांना सुमारे १०० ग्रॅम पीठ लागते. त्यातून १० ग्रॅम प्रथिने मिळतात. लायसिन? १० × २२ = २२० मिलिग्रॅम; म्हणजे दर ग्रॅमला २२. हव्या असलेल्या ४५ च्या निम्म्याहून कमी. भाकरी आणि मिरचीचा ठेचा एवढेच जेवण असेल तर हिशेब येथेच थांबतो.

तिच्यावर ३० ग्रॅम डाळीची घट्ट आमटी घाला. प्रथिने ६.५ ग्रॅम, लायसिन ४४२ मिलिग्रॅम. दोन मोठे चमचे शेंगाची चटणी घ्या. तीत १६ ग्रॅम शेंगदाणा धरला तर प्रथिने ४ ग्रॅम, लायसिन १४० मिलिग्रॅम; शिवाय शेंगदाण्यात नायासिन चांगले असते. आता बेरीज करा : प्रथिने २०.५ ग्रॅम, लायसिन ८०२ मिलिग्रॅम. दर ग्रॅमला ३९. एक वाटी दही वाढा : प्रथिने ३ ग्रॅम, लायसिन २४० मिलिग्रॅम. नवी बेरीज २३.५ ग्रॅम आणि १०४२ मिलिग्रॅम; दर ग्रॅमला ४४. वाडगा जवळजवळ पूर्ण झाला! दह्याने आणखी एक काम केले. डाळ आणि धान्य यांत ब-१२ जीवनसत्त्व मुळीच नसते. ते दह्याने थोडेफार दिले.

हा हिशेब करताना एक गोष्ट विसरू नका. पुष्कळ घरांत सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्याच्या वाट्याला भाकरी येते; आमटी तोवर तळाला गेलेली असते आणि दही संपलेले असते. शेवटी जेवणारी बहुधा आई असते किंवा मोठी बहीण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. त्याची कारणे अनेक आहेत. पण वाडग्यातून हरवलेला सोबती हे त्यांतले एक आहे.

घरी करू या

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस कायद्याने बंदी आहे. तेव्हा ग्यूदोन जसाच्या तसा आपल्याकडे करता येणार नाही. पण सोबत्याचे काम कळले की सोबती बदलता येतो. खुद्द जपानमध्येही कोंबडी व अंडे घालून केलेला वाडगा आवडीने खातात. त्याचे नाव 'ओयाकोदोन' म्हणजे 'पालक आणि मूल' असे गमतीदार आहे!

एका माणसासाठी इंद्रायणी तांदूळ ७५ ग्रॅम घ्या. तांदूळ फार चोळून धुऊ नका, आणि शिजताना पाणी बेताचे घालून ते भातातच जिरू द्या. ब-१ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. पेज ओतून दिली की तेही जाते. हातसडीचा तांदूळ मिळाला तर अधिक चांगला.

सोबती म्हणून पुढीलपैकी एक निवडा : दोन अंडी, किंवा हाडाविना कोंबडीचे ७५ ग्रॅम पातळ काप, किंवा ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. वड्या गरम पाण्यात भिजवून पिळून घ्याव्यात. यांतले काहीही घेतले तरी १३ ते १६ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाताची ५ ग्रॅम त्यात मिळवली की १८ ते २१ ग्रॅम होतात. १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी सुमारे ४५ आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे एका वाडग्यात चाळीस टक्क्यांहून अधिक काम झाले.

कढईत एक चमचा तेल तापवून एक मोठा कांदा उभा चिरून मंद आंचेवर परता. तिखट वास देणारी द्रव्ये उडून जातात आणि कांद्याची मूळची गोडी पुढे येते. म्हणून साखर अगदी चिमूटभर पुरते. मग किसलेले आले व एक पिकलेला टोमॅटो घाला. सोया सॉस फक्त एक लहान चमचा. का, ते ऐका. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटर सॉसमध्ये, सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. दोन मोठे चमचे सॉस घातला तर सारा दिवसाचा वाटा एका वाडग्यातच संपला! कमी सॉसमुळे गेलेली उमामी टोमॅटो भरून काढतो. वरून वेगळे मीठ घालू नका.

अर्धी वाटी पाणी घालून उकळी आली की कोंबडीचे काप किंवा वड्या सोडा आणि नीट शिजू द्या. अंडी असतील तर फोडून, फेटून, रसावर ओता व झाकण ठेवा. जपानमध्ये काही जण भातावर कच्चे अंडे घेतात. आपण तसे करू नये. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. अंडे पुरते घट्ट होईपर्यंत शिजवावे.

शेवटी मूठभर चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला रसात घालून दोन मिनिटे शिजवा. गरम भातावर सारे ओता, बाजूला काकडी ठेवा आणि लिंबू पिळा. लिंबू केवळ चवीसाठी नव्हे. पालेभाजीतले लोह शरीराला सहजी मिळत नाही. लिंबातले क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करते. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

आमची पाककृती आवडली नाही, तर गरगट्टा करून भातावर ओता. पालेभाजी व डाळ एकत्र घोटलेला हा सोलापुरी पदार्थ त्याच वाडग्यात शोभेल. शास्त्र तेच राहील.

वर्गात करून पाहा

शाळेतल्या मध्यान्ह भोजनाची खिचडी हाही एक वाडगाच आहे. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यासाठी दर दिवशी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाज्या आणि साडेसात ग्रॅम तेल असे प्रमाण ठरवून दिलेले आहे. १०० ग्रॅम तांदळात ७ ग्रॅम व १०० ग्रॅम डाळीत २२ ग्रॅम प्रथिने धरा आणि दर ग्रॅम प्रथिनामागे किती लायसिन येते ते काढा. उत्तर सुमारे ४८ येईल. आता तांदळाच्या जागी १५० ग्रॅम ज्वारी धरून तेच गणित पुन्हा करा. उत्तर ३५ ते ३७ च्या आसपास येईल. म्हणजे भाताला जेवढी डाळ पुरते तेवढी भाकरीला पुरत नाही. भाकरी खाणाऱ्या घरात आमटी अधिक घट्ट हवी. ती किती, हे प्रत्येकाने स्वतः हिशेब करून काढावे. शिक्षकांनी फळ्यावर वरचा तक्ता मांडून दिला तर एका तासात हा प्रयोग होतो.

मग आठवडाभर घरी नोंद ठेवा : प्रत्येकाच्या वाडग्यात धान्य किती, सोबती किती आणि कोण कितव्या पंगतीला बसले. वहीतले आकडे घरात वाचून दाखवा. वाढण्याचा क्रम बदलायला पैसे लागत नाहीत.